नेटवर्क मार्केटिंग : माणूस पारखण्याची घाई नको

गेल्या वर्षी शाबान महिन्यातली गोष्ट. दुपारी गिऱ्हाईक कमी असते त्या वेळी सोलापूरच्या विजापूर वेशीजवळच्या माझ्या कटलरीच्या दुकानात एक तरुण आला. घराणे ओळखीचे, वडील शिलाईकाम करणारे. "चाचा, दहा मिनिटे द्या," म्हणाला आणि बॅगेतून एक वही काढून काउंटरवर ठेवली. तो एका नेटवर्क मार्केटिंगच्या कंपनीत लागला होता. साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि ताकदीच्या गोळ्या असा माल. बोलण्याच्या भरात वही उघडीच राहिली आणि तिच्यातली यादी माझ्या नजरेस पडली. एकापासून शंभरपर्यंत नावे. काहींपुढे बरोबरची खूण, काहींवर आडवी रेघ. माझ्या नावापुढे खूण होती आणि बाजूला लिहिले होते, 'पैसा आहे, वेळ आहे.' माझ्या शेजारी बसून बांगड्यांचे डझन बांधणारा माझा नोकर त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच वर्गात शिकलेला. त्याचेही नाव यादीत होते, पण त्यावर रेघ मारलेली.

मला हसू आले. त्या मुलाला वाटले, मी त्याच्या धंद्याला हसतो आहे. तसे नव्हते. अशीच वही मी स्वतः २००० साली भरली होती, आणि तिच्यातल्या खुणा आणि रेघा जवळपास सगळ्या चुकल्या होत्या. त्या चुकीची किंमत मी पैशात थोडी आणि नात्यात जास्त मोजली. आज आपल्या मोहल्ल्यांत पुन्हा घरोघरी या वह्या निघालेल्या दिसतात. कोणाच्या मुलाच्या हातात, कोणाच्या सुनेच्या मोबाइलवर. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आमच्या धंद्याविषयी दोन शब्द. आम्ही मण्यार. दुकान वडिलांनी काढले. त्याआधी माझी आजी बांगड्यांचे गाठोडे घेऊन मंद्रूपच्या बाजूच्या खेड्यांत फिरत असे. दारात बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, गावच्या चार बातम्या द्यायच्या-घ्यायच्या, आणि पैसे नसतील तर सुगीला ज्वारी घ्यायची. आजच्या भाषेत सांगायचे तर ही थेट विक्रीच. आपल्या समाजात मण्यार, अत्तार, बागवान, फेरीवाले बोहरी यांनी पिढ्यान्पिढ्या हेच केले आहे, तेव्हा दारात जाऊन माल विकण्याची आपल्याला शरम वाटण्याचे कारण नाही. आजीचा एक नेम होता. गावात शिरले की कोणतेही दार वगळून पुढे जायचे नाही. वाड्याच्या ओसरीवर तास मोडला तरी कधी कधी डझनभरच बांगड्या जात, आणि गावाबाहेरच्या झोपडीत लग्न निघालेले असे, तिथे चार मुलींचे चुडे एका बैठकीत भरले जात. घराकडे पाहून गिऱ्हाईक ठरवायचे नाही, हे ती आम्हा नातवंडांना सांगत असे. ते मी ऐकले आणि विसरलो.

आता २००० सालची हकीकत. थेट विक्रीच्या मोठ्या कंपन्या आपल्याकडे त्याच दशकात आल्या. ओरिफ्लेम १९९५ मध्ये, टपरवेअर आणि आपल्या देशातली मोदीकेअर १९९६ मध्ये, ॲमवेने १९९८ मध्ये विक्री सुरू केली. त्यांच्या मागोमाग लहानमोठ्या कंपन्यांचे पीक आले. मी ज्या कंपनीत शिरलो ती केव्हाच बंद पडली, तिचे नाव घेण्यात अर्थ नाही. एका हॉटेलच्या हॉलमध्ये शिकवणी झाली. शिकवणारा टाय लावलेला गृहस्थ फळ्यावर गोल काढत म्हणाला, "ओळखीच्या शंभर जणांची यादी करा, आणि एक लक्षात ठेवा, कोणाचाही निकाल आधीच मनात लावू नका." आम्ही साऱ्यांनी माना हलवल्या, घरी गेलो, यादी केली आणि पहिल्याच रात्री प्रत्येकाचा निकाल लावून टाकला.

मी तीन नावांपुढे मोठी खूण केली. पहिला माझा मेहुणा. ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात कामाला, बोलायला फर्डा, तालुक्याच्या प्रत्येक गावात त्याची ओळख. दुसरे एक हायस्कूलचे मास्तर, समाजात मान असलेले. तिसरा एक प्लॉटचा एजंट, ज्याने मला एकदा न घ्यायचा प्लॉट घ्यायला लावला होता. मनात म्हटले, जो मला विकू शकतो तो कोणालाही विकेल. रेघा मारल्या त्या पुष्कळ नावांवर. त्यांत आमच्याच गल्लीत साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या एक बाई होत्या. विधवा, सातवीपर्यंत शिकलेल्या, नेहमी नकाबमध्ये, कामापुरते बोलणाऱ्या. माझ्याकडून दोऱ्याची रिळे आणि हुक नेत. दहा वर्षांच्या व्यवहारात त्यांचे दहा वाक्यांपलीकडे बोलणे मी ऐकले नसेल. अशा बाई काय विकणार, म्हणून रेघ.

मेहुण्याने एका बैठकीत होकार दिला. "दुल्हेभाई, तुम्ही म्हणता तर मी आहेच," म्हणाला. मला आनंद झाला. हा होकार मालाला नसून मला आहे, हे त्या वेळी ध्यानात आले नाही. वरची पायरी लवकर मिळावी म्हणून त्याने बारा हजारांचा माल एकदम उचलला, तोही पतपेढीतून कर्ज काढून. फर्डा माणूस, पण त्याचे बोलणे गप्पांचे. गिऱ्हाइकाकडून पैसे मागायची वेळ आली की त्याची जीभ अडखळे. माल कपाटात राहिला आणि गोळ्यांची मुदत कपाटातच संपली. मास्तरांनी भिडेखातर एकदा साबण घेतला आणि पुढे माझ्या दुकानावरून जायचा रस्ताच बदलला. प्लॉटचा एजंट मात्र खरोखर हुशार निघाला. तीन महिन्यांत माझ्याच ओळखीची सहा माणसे घेऊन तो दुसऱ्या कंपनीत गेला.

आणि त्या बाई? मी त्यांना काहीच विचारले नव्हते. रिळे घ्यायला आल्या असताना काउंटरवरची कपडे धुण्याच्या पातळ साबणाची बाटली त्यांनी उचलून पाहिली. "भाईजान, या एका बाटलीत किती बादल्या होतात?" मला सांगता येईना. एवढे दिवस मी फळ्यावरचे गोल लोकांना समजावत होतो, बाटलीत किती बादल्या होतात हे पाहिलेच नव्हते. त्यांनी आठवड्याच्या बोलीने एक बाटली नेली. आठव्या दिवशी पैसे आणले आणि सोबत हिशेब. एका बादलीला किती टोपणे लागतात, किती कपडे निघतात, खर्च किती. म्हणाल्या, "रोजच्या धुण्याला हे महाग पडते, कोणी घेणार नाही. पण माझ्याकडे रेशमी साड्या फॉल लावायला येतात. बायका विचारतात, या धुवायच्या कशा. त्यांना सांगून पाहू का?"

पुढच्या तीन महिन्यांत त्या एकट्या बाईंनी जेवढा माल विकला तेवढा मी खूण केलेल्या तिघांनी मिळून विकला नाही. आठवड्याला तीस-चाळीस बायका हातात साडी घेऊन त्यांच्या दारात येत होत्या. प्रत्येकीशी बोलणे कपड्याचेच. मी दहा वर्षे त्यांचा नकाब पाहिला, सातवी पाहिली, कमी बोलणे पाहिले. त्यांच्या दारातल्या चपला मोजल्या नाहीत.

आपण व्यापारी माणसे, आपल्याला एक घमेंड असते की समोरचा माणूस आपण पाहताक्षणी ओळखतो. ही नजर खोटी नाही. उधारी देताना ती कामाला येते. हा पैसे बुडवील की फेडील, हे आपण त्याच्या चालण्यावरून, आधीच्या व्यवहारावरून, बापाच्या नावावरून ताडतो आणि बहुतेक वेळा बरोबर ताडतो. पण उधारीची पारख मागचे पाहून होते. विकणारा माणूस निवडायचा तर तो पुढे काय करील ते पाहावे लागते, आणि त्याने आजवर काही विकलेलेच नसते. तिथे आपली नजर कपडे, इंग्रजी, मोटारसायकल आणि मोठा आवाज यांच्याकडेच जाते. शिवाय आपल्याला स्वतःसारखाच माणूस पसंत पडतो. मी बोलका, म्हणून मी बोलके निवडले. या धंद्यात बोलण्यापेक्षा ऐकण्याला जास्त किंमत आहे हे मला त्या बाईंनी शिकवले. त्याही शिकवायच्या म्हणून बोलल्या नव्हत्या, आपले काम करत होत्या.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर लिहिले नसते. या धंद्याचा इतिहास पाहिला तर तो रेघ मारलेल्या माणसांनीच उभा केलेला दिसतो. अमेरिकेत डेव्हिड मॅकॉनेल नावाचा एक तरुण दारोदार पुस्तके विकत असे. बायकांनी दार उघडावे म्हणून तो सोबत अत्तराची लहान कुपी भेट देई. पुस्तकांपेक्षा अत्तरच लोकांना आवडते हे पाहून १८८६ मध्ये त्याने अत्तराचा धंदा काढला आणि विकायला मिसेस अल्बी या पन्नाशीच्या आसपासच्या बाईंना नेमले. तीच कंपनी पुढे एव्हॉन झाली. त्या देशात बायकांना मतदानाचा हक्क राज्यघटनेने दिला तो १९२० मध्ये, म्हणजे त्यानंतर चौतीस वर्षांनी.

दुसरे उदाहरण टपरवेअरचे. अर्ल टपर यांनी प्लास्टिकचे डबे काढले. माल उत्तम, पण दुकानात विकला जाईना. झाकण दाबून आतली हवा काढायची असते, हे कोणी करून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नसे. ब्राउनी वाइज नावाची एक घटस्फोटित बाई, पदरी एक मुलगा, आधी कारकुनी करणारी. तिने घराघरात बायका जमवून हे डबे दाखवायला आणि विकायला सुरुवात केली. तिची विक्री पाहून १९५१ मध्ये टपर यांनी डबे दुकानांतून काढून घेतले आणि घरगुती विक्रीचे सारे काम तिच्यावर सोपवले. तिने ज्या बायका गोळा केल्या त्यांतल्या पुष्कळ जणींनी आधी घराबाहेरचे काम केलेले नव्हते. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' या व्यापारी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र आले, असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पुढे १९५८ मध्ये त्याच कंपनीने तिला काढून टाकले, हेही सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये एव्हॉनची मूळ अमेरिकी कंपनी आणि टपरवेअर या दोघींनीही अमेरिकेत दिवाळखोरीचे अर्ज केले. कंपन्यांचे असे असते. त्यांच्यासाठी भाऊबंद तोडू नयेत.

एवढ्या लांब जायचे नसेल तर आपल्या पोस्ट ऑफिसात जाऊन पाहा. सरकारने १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना काढली. घरोघर जाऊन दरमहा आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या एजंट बायका त्यातूनच आल्या. साध्या घरातल्या, पिशवीत पासबुके घेऊन जिने चढणाऱ्या. आमच्या बाजूला येणाऱ्या बाईंना मी वर्षानुवर्षे पाहतो. भाषण एक शब्दाचे नाही. पण ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी दारात हजर. लोक त्यांच्या हातात पैसे देतात ते त्या येतात म्हणून.

तेव्हा त्या टायवाल्या गृहस्थाचे म्हणणे खरे होते. कोणाचा निकाल आधीच लावू नये. पण ते अर्धेच खरे होते, आणि आपल्या लोकांचे नुकसान होते ते उरलेल्या अर्ध्यामुळे. 'कोणालाही वगळू नका' याचा अर्थ या कंपन्यांच्या बैठकांत 'कोणालाही सोडू नका' असा लावला जातो. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दरवाजात गाठणे, वलीम्याच्या जेवणात शेजारी बसून प्लॅन काढणे, आणि मी स्वतः पाहिले आहे, मय्यतीला जमलेल्या माणसांचे मोबाइल नंबर टिपून घेणे. याला मोकळे मन म्हणत नाहीत. मोकळे मन असेल तर 'हा कदाचित हो म्हणेल' याला जशी मनात जागा असते तशी 'हा नाही म्हणेल आणि त्याचे बरोबर असेल' यालाही असते. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला परत विचारू नये, आणि त्याच्या नाहीचा राग धरू नये.

फळ्यावरचे गोल किती पोकळ असतात ते एकदा कागदावर मांडून पाहा. प्रत्येकाने सहा माणसे आणायची म्हणतात. पहिल्या पायरीला ६, मग ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६. सातव्या पायरीला २,७९,९३६ आणि आठव्याला १६,७९,६१६. आमच्या सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास, पाळण्यातली मुले धरून. म्हणजे आठव्या पायरीवरच्या लोकांना शहरात माणूसच उरत नाही. माणसे आणून मिळणाऱ्या पैशावर जो धंदा चालतो तो शेवटी आलेल्यांच्या खिशावर चालतो, आणि शेवटी येणारे बहुधा आपल्यातले गरीब असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रके तपासली. त्यांत बहुसंख्य सभासदांची वर्षाची मिळकत एक हजार डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि त्यातून खर्च वजा केलेलाही नसतो. अमेरिकेत एक हजार डॉलर म्हणजे काय हे दुबई-अमेरिकेला भाऊ असलेल्यांना विचारावे.

कायद्याचे म्हणाल तर निव्वळ माणसे भरती करून पैसे फिरवण्याच्या योजनांना १९७८ च्या प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स कायद्यानेच बंदी आहे. थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी वेगळे नियम काढले. त्यांतली दोन-तीन कलमे प्रत्येकाने पाठ करावीत. ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय विक्रेत्याने कोणाच्या घरी जायचे नाही. होणाऱ्या सभासदाला माहितीची पुस्तके किंवा माल दाखवण्याचे साहित्य विकत घ्यायला लावायचे नाही. कंपनीने ज्या मालाबद्दल जो दावा केलेला नाही तो आपल्या तोंडाने करायचा नाही. 'ही गोळी घ्या, साखर बरी होते' असे सांगणारे किती भेटतात! मालाचा दोष सांगून माल विकावा ही आपल्या तिजारतीची जुनी शिकवण. इथे दोष राहो, नसलेला गुण सांगितला जातो.

हा धंदा जायज की नाजायज, असा प्रश्न मला दुकानावर पुष्कळ जण विचारतात. मी कटलरीवाला आहे, मुफ्ती नाही. एवढे ठाऊक आहे की उलेमांचे यात एकमत नाही. सौदी अरेबियाच्या स्थायी फतवा समितीने अशा योजना नाजायज ठरवल्या आहेत. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या शरिया मंडळाने २००९ मध्ये अटी घालून वाट ठेवली. माल खरा असावा, किंमत अवाजवी चढवलेली नसावी, कमिशन प्रत्यक्ष विक्रीच्या कामावर असावे, बसून खाण्याचा बोनस नसावा. ज्याला विचारायचे त्याने कंपनीचा छापील प्लॅन हातात घेऊन आपल्या आलिमांकडे जावे. तोंडी सांगून विचारले की आपण आपल्याला हवे तेवढेच सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी उचलली ती सांगतो. आपल्यापैकी पुष्कळ जण मालक आहेत. कोणाकडे दोन माग, कोणाकडे दहा शिलाई मशीन, कोणाकडे भट्टी. यादी करायला बसले की पहिली नावे सुचतात ती हाताखालच्या माणसांची. चादरीच्या एका कारखानदाराने आपल्या बारा कामगारांना एका दिवसात सभासद केले आणि जॉइनिंगचे पैसे त्यांच्या उचलीत धरले. बारा जणांनी हो म्हटले. ते काय म्हणणार होते? ज्याची उचल आपल्या वहीत आहे, ज्याची उधारी आपल्याकडे थकली आहे, जो आपल्या खोलीत भाड्याने राहतो, त्याचा होकार हा होकार नव्हे. तिथे कितीही मोकळ्या मनाने विचारा, त्याला नाही म्हणायची सोयच नसते. माझ्या मेहुण्याचेही तेच झाले. तो माझ्या हाताखाली नव्हता, पण बहीण माझ्या घरात होती.

मग कारागिराला वगळायचे का? त्याच्यात तो गुण असेल तर? असतोच पुष्कळदा. जरीकाम करणारा, कुलपे दुरुस्त करणारा, कल्हईवाला, यांच्याकडे दिवसभर माणसे येतात. माझे म्हणणे इतकेच की त्याला सभासद करण्याआधी माल विकून पाहू द्यावा. आपल्या भांडवलातला चार नग माल द्यावा, विकला तर नफा त्याचा, न विकला तर माल परत, आणि कागदावर सही नाही. दोन महिने जाऊ द्यावेत. तेवढ्यात त्यालाही कळते आणि आपल्यालाही. मजुरीतून काही कापायचे नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये ॲमवेवर खटला चालला तेव्हा ती कंपनी बेकायदा ठरण्यातून वाचली त्याची मोठी कारणे हीच होती. घेतलेल्या मालाचा ७० टक्के भाग विकल्याशिवाय बोनस नाही, महिन्याला दहा वेगळ्या गिऱ्हाइकांना विक्री दाखवायची, आणि सोडून जाणाऱ्याचा न विकलेला माल परत घ्यायचा, असे तिचे नियम होते. कंपनी हे पाळते का ते पाहावे, आणि पाळत नसेल तर आपण आपल्यापुरते पाळावे. परत घ्यायची तयारी नसेल त्याने दुसऱ्याच्या हातात माल देऊच नये.

बायकांच्या बाबतीत एक अडचण वेगळी आहे. आपल्याकडे पुरुषांच्या यादीत बायकांची नावे येतच नाहीत. आली तरी 'अमक्याची बायको' म्हणून येतात आणि प्लॅन नवऱ्याला दाखवला जातो. सही बाईची, कमिशन नवऱ्याच्या खात्यात. हा प्रकार मी चार घरांत पाहिला. जिथे बाईने माल विकला तिथे पैसा तिच्या खात्यात जावा, निदान एवढे तरी व्हावे.

त्या फॉल-पिकोवाल्या बाईंची गोष्ट अर्धी राहिली. त्यांची विक्री पाहून वरच्या लोकांनी माझ्यामागे लकडा लावला, या बाईंना सभासद भरायला सांगा. मी गेलो. त्यांनी मशीन थांबवले, शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "भाईजान, माल मी विकीन. जिला नको वाटला तिने परत आणला तर मी घेते. पण माणसे आणली आणि त्यांचा माल राहिला, तर तो माझ्याकडून परत घेतला जाणार नाही. ते काम माझ्याकडून होणार नाही." मी दोन-तीनदा समजावले. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केले. पुढे कंपनी बंद पडल्यावर त्यांनी त्याच गिऱ्हाइकांना परकर आणि तयार ब्लाउज विकायला सुरुवात केली. आज त्यांचा मुलगा ते काम बघतो, तीन मशीन आहेत. रिळे अजून माझ्याकडूनच जातात.

मेहुण्याच्या पतपेढीच्या कर्जातले सात हजार मी २००२ मध्ये भरले. त्याने ते घेतले, पण दोन ईद आमच्या घरी आला नाही.

गेल्या वर्षीच्या त्या मुलाला मी यातले बरेच सांगितले. त्याने ऐकून घेतले, वही मिटली आणि निघण्यापूर्वी नमुन्याची टूथपेस्ट काउंटरवर ठेवली. माझ्या नोकराने बांगड्यांचा डझन बाजूला ठेवून ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि त्याला विचारले, "घरात सात माणसे असली तर ही किती दिवस जाते?"

मुलगा वही पुन्हा उघडून शोधू लागला.